वजन जागोजागी बदलतं, मग काटा किलो कसा दाखवतो?

तुम्ही विचारलंय की, मुलाच्या दहावीच्या पुस्तकात 'वस्तुमान सगळीकडे तेच, वजन मात्र जागेनुसार बदलतं' असं आहे, आणि आपण तर भाजीपासून सोन्यापर्यंत सगळ्याचं 'वजन' किलो-ग्रॅममध्येच करतो. मग काटा नक्की मोजतो काय? मी नाशिकमध्ये इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करतो, म्हणून पुस्तकातलं कमी आणि काट्यातलं जास्त सांगतो.

एका द्राक्ष हंगामात दिंडोरीकडच्या पॅकहाऊसमधून फोन आला. जर्मनीहून मागवलेला नवाकोरा काटा माल खातोय, लगेच या. गेलो. काट्याची पातळी बघितली, बुडबुडा बरोबर मध्ये. खाली काही अडकलेलं नाही. माझं २० किलोचं तपासणीचं माप ठेवलं, तर आकडा आला १९.९४५. उचलून परत ठेवलं, पुन्हा १९.९४५. चारही कोपऱ्यांवर सरकवून बघितलं, तेच. बिघडलेला काटा असा वागत नाही, तो दर खेपेला वेगळं काहीतरी सांगतो. हा अगदी ठामपणे ५५ ग्रॅम कमी सांगत होता.

आत कुठेही बिघाड नव्हता. तो कारखान्यातच लावून आला होता, आणि तिथली पृथ्वी नाशिकपेक्षा थोडी जास्त ओढते.

काट्याच्या पोटात लोडसेल असतो, म्हणजे भार आला की केसाएवढा वाकणारा धातूचा ठोकळा. त्याला किलो कळत नाही, फक्त दाब कळतो. हा दाब म्हणजेच पुस्तकातलं वजन: वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण (म्हणजे पृथ्वीच्या ओढीचं माप, मीटर प्रति सेकंद वर्गात). जर्मनीत हे त्वरण साधारण ९.८१ आहे, आपल्याकडे ९.७८५ च्या आसपास. कारण पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आहे आणि फिरतेही आहे, त्यामुळे ध्रुवांकडे ओढ जास्त (९.८३) आणि विषुववृत्तावर कमी (९.७८). आपण २० अंश अक्षांशावर, शिवाय समुद्रसपाटीपासून सहाएकशे मीटर वर. हे काही आज कळलेलं नाही. १६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच माणूस पॅरिसहून लंबकाचं घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर ते रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. ओढ कमी तिथे लंबक हळू झुलतो, म्हणून त्याला तो आखूड करावा लागला. मला फक्त कॅलिब्रेशन करावं लागलं.

कॅलिब्रेशन म्हणजे वेगळं काही नाही. प्रमाणित माप ठेवायचं आणि काट्याला सांगायचं, 'बाबा, इथं एवढा दाब आला की २० किलो म्हण.' काही काट्यांत थेट त्या जागेच्या गुरुत्वाचा आकडाच भरता येतो. (सील तोडलं की वैधमापनवाल्यांचा शिक्का पुन्हा घ्यावा लागतो, ती कटकट वेगळी.)

तोवर मालकांनी हिशेब मांडला होता. काटा कमी दाखवतो म्हणजे ५ किलोच्या पेटीत पोरी जवळपास १४ ग्रॅम द्राक्षं जास्त भरणार, हजार पेट्यांमागे पावणेचौदा किलो फुकट. मग त्यांनीच विचारलं, "म्हणजे माझी पेटी रॉटरडॅमला पोचली की जड होते? मग त्या १४ ग्रॅमचे पैसे मला का नाहीत?" पेटी जड होते हे खरं, पण तिथल्या व्यापाऱ्याचा काटा तिथल्या ओढीवर लावलेला, तो ५ किलोच दाखवणार. पैसे वस्तुमानाचे मिळतात, ओढीचे नाही. खरं तर आपण बाजारात ज्याला वजन म्हणतो ते पुस्तकातलं वस्तुमानच. काटेकोर बोलायचं तर वजन न्यूटनमध्ये सांगावं लागेल, आणि दहा न्यूटन कांदे मागितले तर भाजीवाला काय म्हणेल ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन पारड्यांच्या तराजूला मात्र ही भानगडच नाही. सराफाच्या जुन्या तराजूत एका पारड्यात सोनं, दुसऱ्यात मापं. ओढ कमी झाली तर दोन्हीकडे सारखीच कमी होते. चंद्रावर ओढ इथल्या सहाव्या हिश्श्याची, तिथे नाशिकला लावलेला इलेक्ट्रॉनिक काटा ५ किलोच्या पेटीला ८३० ग्रॅमच्या आसपास दाखवेल, पण तराजू ५ किलोच म्हणेल. पारड्याखाली पासंग चिकटवून काटा मारणारा चंद्रावरही तेवढेच ग्रॅम मारेल! अंतराळस्थानकात मात्र सगळंच सतत पडत असतं, तिथे तराजूही मुका.

वस्तुमान हाताला जाणवून घ्यायचं असेल तर पॅकहाऊसमधली भरलेली ट्रॉली ढकलून बघा. वजन जमिनीने पेललेलं असतं, तरी ती हलवताना जोर लागतो आणि चालायला लागली की थांबवताना त्याहून घाम फुटतो. हा अडेलपणा चंद्रावरही तसाच राहील, उचलणं तेवढं सोपं होईल.

डोंगरावर वजन घटतं का, असंही बरेच जण विचारतात. साल्हेर १,५६७ मीटर आहे. वर गेल्यावर ६० किलोच्या माणसाला दहा-वीस ग्रॅमचा फरक पडेल, आणि चढताना घाम त्याच्या कितीतरी पट गेलेला असतो.

मुलाला दाखवायचं असेल तर घरातला पायाखालचा वजनकाटा घ्या आणि लिफ्टमध्ये त्यावर उभं करा. लिफ्ट वर निघताना आकडा क्षणभर चढेल, वरच्या मजल्याजवळ मंदावताना उतरेल. आकडा दाखवायला वेळ घेणारा डिजिटल नको, सुईवालाच हवा. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगा, काटा तपासतोय.