आठ पोर्टच्या स्विचमध्ये राउटरची वायर एक नंबरलाच लावायची का?

ऑफिससाठी साधा आठ पोर्टचा गिगाबिट स्विच घेतलाय, राउटरची वायर कुठल्या पोर्टला लावायची, आणि एकाच कॉम्प्युटरला स्पीड कमी का, असं तुम्ही विचारलंय.

पोर्ट कुठलाही चालेल. कोणत्या पोर्टवर कोण बसलंय हे स्विच मॅक अॅड्रेस (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) बघून स्वतःच शिकतो. आज तीनला असलेली वायर उद्या सातला लावलीत तरी त्याची तक्रार नाही. राउटरच्या बाजूला मात्र लक्ष द्या: वायर लॅन (ऑफिसच्या आतल्या यंत्रांच्या) पोर्टमधूनच काढा, वॅनमधून (जिथे बाहेरचं इंटरनेट येतं) नाही. क्रॉस केबलची (एका टोकाला तारा उलटसुलट लावलेल्या वायरची) भानगड आता राहिली नाही, गिगाबिट पोर्ट ते आपलं आपण जुळवून घेतात.

खरी भीती रिकाम्या पोर्टची. एका कोचिंग क्लासमध्ये सोमवारी सकाळी सगळंच नेट बंद. मी दीड तास राउटरशी झटापट केली, इंटरनेटवाल्याला दोनदा फोन करून बोललोसुद्धा. मग स्विचकडे नजर गेली तर सगळे दिवे एका तालात, वेड्यासारखे फडफडतायत. झाडताना कुणाला तरी टेबलाखाली लोंबणारं वायरचं टोक दिसलं, निसटलं असेल म्हणून बिचाऱ्याने ते रिकाम्या पोर्टमध्ये खोचलं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये! झाला लूप. ब्रॉडकास्टचं, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेल्या माहितीचं, पाकीट त्यात गोल गोल फिरत राहतं, कारण इथरनेटच्या पाकिटाला वयच नसतं, ते आपोआप मरत नाही. महागड्या स्विचमध्ये यावर स्पॅनिंग ट्री असतो. रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये शोधलेली ही युक्ती जादाचा रस्ता बंद ठेवते. साध्या स्विचमध्ये ती सहसा नसते, म्हणून लोंबती वायर ठेवूच नका.

आता स्पीड. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या. 100 एमबीपीएसला 1, 2, 3 आणि 6 एवढ्याच पिना पुरतात, गिगाबिटला (1000 एमबीपीएस) आठही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नसेल तर नेट चालतं, पण गुपचूप 100 वर. बऱ्याच स्विचवर दिव्याच्या रंगावरूनच हे कळतं, खोक्यावर लिहिलेलं असतं.

क्रिम्प करताना, म्हणजे वायरच्या टोकाला जॅक दाबून बसवताना, जॅकचा खटका पलीकडे, सोनेरी पिना आपल्याकडे धरून डावीकडून क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी शिरते, ते बघून नवशिक्या पोराला चूक वाटते आणि तो जोड्या शेजारी शेजारी लावून टाकतो. दोन्ही टोकांना तसंच केलं की टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, म्हणून तो खूश! पण एकमेकींना पिळलेल्या दोन तारा सिग्नलच्या एकाच जोडीच्या राहत नाहीत, सिग्नल एकमेकांत मिसळतो आणि लांब वायरवर त्रास सुरू होतो. शिवाय एकूण लांबी 100 मीटरच्या आत ठेवा.

तुमच्या त्या कॉम्प्युटरची केबल काढून शेजारच्याची, चांगली चालणारी, तिथे लावून बघा. दिवा बदलला तर दोष वायरचा, दोन्ही टोकं कापून नवे जॅक मारा. खटका तुटलेला जॅक सेलोटेपने चिकटवत बसू नका, जॅक पाच-दहा रुपयांत येतो.