आय७ घेण्याआधी बोर्डाचा नंबर बघा

भाऊ, केंद्रातलं मशीन अडकतं म्हणून आय७ प्रोसेसर टाकू का, असं तुम्ही पोस्टमध्ये विचारलंय. आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि "आय७-३७७० टाका, मशीन सुसाट पळेल" म्हणणारा दुकानदार. तुमच्या पोस्टमधली ओळ न् ओळ ओळखीची वाटली. माझंही सेवा केंद्र तालुक्याच्या गावातच आहे, यवतमाळकडे, आणि मशीनही जवळपास हेच होतं. म्हणून जरा लांबट लिहितो. मी हार्डवेअरचा इंजिनिअर नाही, फॉर्म भरणारा माणूस आहे. जाणकारांनी खुशाल दुरुस्ती सुचवावी.

मशीन अडकलं की टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये बघा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि सीपीयू म्हणजे प्रोसेसर तीस-चाळीसवर रेंगाळत असेल, तर आय७ टाकून काडीचा फरक पडणार नाही. तुमच्याकडे बहुतेक हेच निघेल. प्रोसेसर बिचारा हार्ड डिस्कची वाट बघत बसलाय. २५६ जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच साटा पोर्टला लागणारी चिपवाली डिस्क) टाका, रॅम ८ जीबी करा आणि महिनाभर वापरून बघा. एच६१ वर साटाचा वेग ३ गिगाबिटचाच मिळतो, म्हणून एसएसडी वाया जाते असं सांगणारे भेटतील. मोठी फाइल कॉपी करताना वेग कमी मिळेल, हे खरं. पण विंडोज उघडायला, ब्राउझर सुरू व्हायला जो जीव जातो तो त्या वेगामुळे नाही. हार्ड डिस्कला बारक्या बारक्या फाइली शोधत फिरावं लागतं, त्यामुळे. ते एसएसडीने थांबतं. आणि पोर्टलच झोपलेलं असेल तर कोणताही प्रोसेसर आणा, गोल चक्कर फिरतच राहणार.

डिस्क शांत आणि सीपीयूच सतत १०० वर, असं असेल तरच पुढचं वाचा.

एलजीए ११५५ सॉकेटमध्ये (तुमच्या बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही पिढ्यांचे प्रोसेसर बसतात. बसतात म्हणजे चालतातच असं नाही. एच६१ चे सुरुवातीचे बोर्ड २०११ चे आणि तिसरी पिढी, म्हणजे ३७७० वगैरे, आली २०१२ ला. बोर्डात जुनाच बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) असला की तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर टाकल्यावर पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी राहते. विंडोजमधलं एमएसइन्फो३२ (msinfo32) उघडा, त्यात बोर्डाचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दिसते. मग कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसरची यादी काढा. कोणता प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो हे बहुतेक याद्यांत शेजारच्या रकान्यात असतं. यादीत ३७७० नसेल तर विषय संपला. असेल तर बायोस आधी अपडेट करायचा, आणि तो जुना आय३ बसलेला असतानाच. आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा यूपीएसची बॅटरी धड असल्याशिवाय या कामाला हात लावू नका.

माझ्या बाबतीत दुकानदाराने आय५-३४७० टाकला (तोही तिसऱ्याच पिढीचा), स्क्रीन काळी, आणि तो म्हणाला की जिल्ह्याला सर्व्हिस सेंटर आहे, तिथे बायोस करून देतील. दिवस एक रुपयातल्या पीकविम्याचे. जुलैअखेरची मुदत डोक्यावर, ओट्यावर माणसं सातबारा आणि पासबुक घेऊन बसलेली. सेंटरवाल्याने बोर्ड काउंटरवर उघडाच घेतला, जॉबशीटवर, म्हणजे कामाच्या पावतीवर, 'नो डिस्प्ले' एवढंच खरडलं, माझी सही घेतली. मग मी फोन करायचा आणि तिकडून "इंजिनिअर बाहेर गेलेत" ऐकायचं. विम्याची मुदत उलटल्यावर बोर्ड परत मिळाला तो शेरा घेऊन: सॉकेटच्या पिना वाकल्या आहेत, दुरुस्ती होणार नाही.

मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघितलं. बारीक सोनेरी पिनांच्या रांगा सरळ चमकत होत्या आणि एका कोपऱ्यात तीन-चार आडव्या, एकीचं टोक शेजारचीला टेकलेलं. इंटेलच्या या प्रोसेसरांना पिना नसतात, त्या बोर्डावर असतात, आणि बोट लागलं तरी वाकतात. बोर्ड दिला तेव्हा त्या सरळ होत्या, दुकानदाराने आणि मी दोघांनीही बघितल्या होत्या. पण काउंटरवरच्या पोराने जॉबशीट पुढे सरकवली, "पिना चांगल्या होत्या असं कुठे लिहिलंय दाखवा." खाली सही माझीच. बायोसला हातही लावला नाही आणि तपासणीचे पैसे मात्र मोजून घेतले! विमा भरायला शेजारच्या गावी गेलेली गिऱ्हाइकं अजून तिकडेच जातात, ते दुखणं वेगळंच.

म्हणून सांगतो, बोर्ड कोणाच्याही हाती देताना सॉकेटचा जवळून फोटो काढा, वर प्लास्टिकची टोपी लावा आणि 'पिना सुस्थितीत' असं जॉबशीटवर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. लिहून देत नसतील तर बोर्ड उचला आणि घरी या.

आणखी काही सुटं सुटं. विंडोज ११ साठी हा खर्च करत असाल तर करू नका. त्याला बहुतेक करून इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि ११५५ चा कोणताही प्रोसेसर त्या यादीत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या बोर्डावर फार पैसा ओतणं मला पटत नाही. विंडोजऐवजी लिनक्स टाका म्हणणारे येतीलच, पण अंगठ्याचं मशीन त्यावर चालतं का हे आधी विचारा. आय७ ऐवजी स्वस्तातला झिऑन ई३-१२३० व्ही२ (इंटेलचा सर्व्हरचा प्रोसेसर) दाखवतील, त्यात स्क्रीनवर चित्र देणारं ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पुन्हा काळी स्क्रीनच.

गाव जिनिंगजवळ असेल तर हीटसिंक (प्रोसेसर गार ठेवणारा पंख्याखालचा धातूचा ठोकळा) काढून बघा. माझ्याकडे पंख्याखाली कापसाची अख्खी गादी निघाली होती. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की असं मशीन तापून स्वतःच वेग कमी करतं आणि दोष प्रोसेसरवर येतो. गादी काढून प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लागणारी थर्मल पेस्ट नवी लावली की निम्मी कुरकुर थांबते, निदान माझ्याकडे थांबली.

बोर्डाचं मॉडेल आणि टास्क मॅनेजरचा फोटो इथे टाका. रात्री केंद्र बंद केलं की बघून सांगतो. तोवर दुकानदाराला बयाणा देऊ नका.