काळ्या गाडीवरचे उन्हात दिसणारे ओरखडे पॉलिशिंग मशीनने घरी काढता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षांची काळी गाडी, सावलीत चकाचक, पण उन्हात उभी केली की बॉनेटवर गोल गोल ओरखड्यांचं जाळं दिसतं. शिवाय मागच्या दारावर कुणीतरी किल्लीने ओढलेला लांब चरा आहे. मशीन मागवून हे दोन्ही स्वतःच काढता येईल का, आणि मशीन कोणतं घ्यावं?

जाळं निघेल. चरा मात्र खोल असेल तर मशीनने काढायला जाऊ नका, त्याचं शेवटी सांगतो. मी डिटेलिंगच्याच, म्हणजे गाड्यांची बारकाईने सफाई आणि पॉलिश करण्याच्या धंद्यात आहे, तेव्हा "आमच्याकडे घेऊन या" म्हणणं मला सोयीचं होतं, पण हलकं जाळं काढणं हे सवडीने घरी जमणारं काम आहे. फक्त आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. ओरखडा कधीच भरून निघत नाही. आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, म्हणजे तो दिसेनासा होतो. पॉलिश म्हणजे घासणं, आणि घासून गेलेला थर परत येत नाही.

हा थर किती असतो बघा. पत्र्यावर आधी गंज रोखणारा इलेक्ट्रोकोट, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण 90 ते 140 मायक्रॉन भरतं, त्यात क्लिअर कोट 35 ते 50 च्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमचं जाळं या क्लिअर कोटच्या अगदी वरच्या काही मायक्रॉनमध्ये आहे, म्हणून तर ते काढता येतं. पण खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणाराही हाच थर. दर दिवाळीला हौसेने "रबिंग" करून घेतलेल्या गाड्या पुढे छपरावर आणि बॉनेटवर पांढरट पडतात, पोपडे सुटतात. तिथे मग कुठलंही पॉलिश चालत नाही, पॅनल रंगवावंच लागतं.

आता ते गोल का दिसतं? ओरखडे मुळात गोल नसतातच. ते वाटेल त्या दिशेने गेलेले बारीक सरळ चरे असतात. घासून घासून वापरलेलं स्टीलचं ताट दिव्याखाली धरून हलवा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कडी दिसतात आणि ताट सरकवलं की कडीही सरकतात. ज्या चऱ्यांची कड प्रकाश बरोबर आपल्या डोळ्यांकडे परतवते तेवढेच चमकतात, बाकीचे दिसत नाहीत. त्यामुळे "फडका गोल फिरवला म्हणून गोल ओरखडे पडले" या म्हणण्यात दम नाही. फडका सरळ फिरवा नाहीतर गोल, त्याच्याखाली धुळीचा कण अडकला की चरा पडणारच.

म्हणून मशीनच्या आधी गाडी रोज पुसतं कोण ते बघा. सोसायटीत सकाळी एक बादली, एक फडका आणि ओळीने वीस गाड्या. तिसऱ्या गाडीपासून त्या पाण्यात मातीच असते. त्या माणसाला बोल लावण्यात अर्थ नाही, महिन्याला मिळणाऱ्या पैशांत तो आणखी काय करणार? पण हे चालू ठेवून पॉलिश केलंत तर काही आठवड्यांत जाळं परत येईल. त्याला काचा आणि आतली सफाई सांगा, बाहेरून कोरडा फडका लावू नको म्हणावं. धुळीवर फिरवलेला झटकणीचा गुच्छ तसाच वाईट. धूळ बसलेल्या गाडीवर चढवलेलं कव्हर तर वाऱ्याने दिवसभर घासत राहतं. दसऱ्याला बॉनेटवर नारळ आणि ओल्या हळदीकुंकवाची बोटं असतात त्याबद्दल मी काही बोलत नाही, घरात राहायचंय मला. पण दुसऱ्या दिवशी ते कोरडं पुसण्याऐवजी पाण्याने धुऊन टाका, एवढं नक्की करा.

आता मशीन. ऑनलाइन स्वस्तात दिसतं ते बहुतेक वेळा रोटरी असतं: ग्राइंडरसारखा आकार आणि एकाच आसाभोवती सरळ फिरणारं पॅड. ते भरपूर कापतं, पण एका जागी जरा जास्त रेंगाळलं की रंग तापतो, आणि सराव नसलेल्या हाताने काळ्या रंगावर हमखास होलोग्राम पडतात. म्हणजे जाळं जातं आणि उन्हात लाटांसारखे धुरकट पट्टे दिसायला लागतात. तुम्ही ड्युअल अ‍ॅक्शन घ्या, दुकानात "डीए" म्हणतात. त्यात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता छोट्या कक्षेतही हलतं, आणि दाब वाढला की फिरणं आपोआप मंदावतं. त्यामुळे नवख्या हाताकडून रंग जळायची भीती खूपच कमी. कक्षा 8, 15 किंवा 21 मिलिमीटरची मिळते. घरच्या कामाला 8 किंवा 15 पुरे, 21 वालं आरशांजवळ आणि खाचाखोचांत अडचणीचं होतं. ड्रिलला लोकर लावून किंवा चार इंची ग्राइंडरवर पॅड चढवून काम भागवायचा विचार असेल तर सोडून द्या. ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे मारतो, रोटरी पॉलिशरसुद्धा तीन हजारांच्या आतबाहेरच असतो.

गाडी धुताना दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळून घ्यायला नुसतं पाणी. वाळल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागेल. ते ब्रेकच्या धुळीतले लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, बोअरच्या पाण्याचे क्षार. लोखंडावर आयर्न रिमूव्हर मारा, जिथे जिथे कण असतील तिथे जांभळे ओघळ येतात. उरलेलं क्ले बारने (रंगावर चिकटलेले कण ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी), पण भरपूर शाम्पूच्या पाण्यात, कोरडं कधीच नाही. क्ले खाली पडला तर तो तुकडा टाकून द्या. मग काळं प्लास्टिक, रबराच्या पट्ट्या आणि पॅनलच्या धारा मास्किंग टेपने झाका. धारांवर आणि बॉनेटच्या उंचवट्याच्या रेघांवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब नेमका तिथेच एकवटतो. रंग उडाल्याची प्रकरणं मी पाहिली ती बहुतेक याच जागांवरची.

गाडी सेकंड हँड असेल तर पेंट गेज, म्हणजे रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवणारं उपकरण, लावून घ्या. एका दारावर 110 आणि शेजारच्यावर 250 आकडा आला तर दुसरं पुन्हा रंगवलेलं आहे असं धरून चाला. त्याचा वरचा थर कसा आहे याचा भरवसा नसतो, तिथे हात हलका ठेवा. साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. बंपर उष्णताही धरून ठेवतो, म्हणून तिथे वेग कमीच ठेवायचा.

आता खरं काम, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. कंपाऊंडची (म्हणजे जास्त कापणाऱ्या भरड पॉलिशची) बाटली घेऊन सरळ अख्खी गाडी घासायला लागू नका. बॉनेटवर दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखा. पहिल्यांदा सगळ्यात सौम्य जोडी वापरून बघा: मऊ फोमचं पॅड आणि फिनिशिंग पॉलिश (कमीत कमी कापणारं, शेवटची चकाकी देणारं). जाळं गेलं तर तेवढंच पुरे. नाही गेलं तर पॅड तेच ठेवून कंपाऊंड बदला, तरीही नाही तर जरा कडक फोम, आणि मायक्रोफायबर किंवा लोकर सगळ्यात शेवटी. पॅडच्या रंगावर जाऊ नका, एका कंपनीचं मऊ पॅड दुसऱ्या कंपनीच्या कडक पॅडच्या रंगाचं असू शकतं. प्रत्येक कंपनीचा क्लिअर कोटही कमी-जास्त कडक असतो, त्यामुळे मित्राच्या गाडीवर चाललेली जोडी तुमच्या गाडीवर चालेलच असं नाही. जी सौम्य जोडी त्या चौकोनात पुरली तीच सगळीकडे वापरायची.

पॅडवर चार-पाच छोटे थेंब टाका. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवून थेंब पसरवा, नाहीतर शेजारच्याच्या पांढऱ्या गाडीवरही पॉलिश होईल. मशीनच्या डायलवर एक-दोनच्या वेगाने पसरवून घ्या, मग चार-पाचवर आणा. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, इतका सावकाश. आडव्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढलेली, मग उभ्या ओळी. असं चार ते सहा वेळा. दाब म्हणजे मशीनचं वजन आणि वर हलका हात, बस. एक युक्ती सांगतो: पॅड ज्या चकतीला चिकटतं तिच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. काम करताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थांबलेली दिसली तर पॅड नुसतं थरथरतंय, कापत काहीच नाही. दाब कमी करा किंवा पॅड सपाट धरा.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. कापलेला क्लिअर कोट आणि सुकलेलं कंपाऊंड त्यात साचून राहतं आणि तेच पुढच्या चौकोनात नवे ओरखडे पाडतं. निदान चार-पाच पॅड हाताशी असू द्या, एका पॅडवर अख्खी गाडी होत नाही. पांढऱ्या पॅडवर काळा रंग उतरायला लागला तर तिथल्या तिथे थांबा. तुमच्या गाडीवर क्लिअर कोट असेल तर तो त्या जागी संपला आहे. (काही साध्या रंगांच्या जुन्या गाड्यांवर क्लिअर कोट नसतो, तिथे पॅडवर रंग उतरणारच.) आणि हे सगळं सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असताना. एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊनंतर आपल्याकडे उघड्यावर हे काम होत नाही, कंपाऊंड पॅडवरच वाळून पावडर होतं.

पुसून झाल्यावर चकाकी बघून खूष होऊ नका. पॉलिशमधलं तेल बारीक चऱ्यांत बसून ते झाकतं. औषधांच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल तीन-चार पट पाण्यात मिसळून तो भाग पुसा, नुसतं वापरू नका. मग अंधारात एलईडी टॉर्च तिरका धरून बघा. "दोन हजारात टेफ्लॉन, सगळे स्क्रॅच गायब" वाल्या गाड्या चार धुण्यांत पुन्हा पहिल्यासारख्या होतात त्या यामुळेच: तिथे चरे कापलेले नसतात, नुसते झाकलेले असतात.

टॉर्चखाली दहातले दोन-तीन खोल चरे उरलेले दिसतील. राहू द्या. त्यांच्या मागे लागून पुन्हा पुन्हा कापणं हा माझ्या मते या कामातला सगळ्यात महाग हट्ट आहे. चार वर्षांची गाडी तुम्ही अजून बरीच वर्षं वापरणार आहात, पुढच्या वेळेसाठी क्लिअर कोट उरला पाहिजे.

नंतर वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग, जे परवडेल ते लावा. फक्त कोटिंगच्या बाटलीवर "9एच" वाचून गाडीला ओरखडे पडणार नाहीत असं समजू नका. तो आकडा पेन्सिलींच्या कडकपणाच्या मापावरचा आहे. कोटिंगमुळे धुणं सोपं होतं, पण रस्त्यावरची वाळू कोटिंगलाही ओरखडतेच.

राहिला दारावरचा चरा. चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर बॉनेटवर चाललेली जोडी तिथेही चालवून बघा, निदान फिका पडेल. नख अडकत असेल तर तो पॉलिशच्या आवाक्याबाहेर आहे, तळ गाठायच्या नादात दाराचा क्लिअर कोट संपेल. आत पांढरट किंवा करडा प्रायमर दिसत असेल तर गाडीच्या कलर कोडचा टच-अप रंग (छोट्या बाटलीत मिळणारा) घ्या. तो कोड बहुतेक वेळा दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर सापडतो. बाटलीतल्या ब्रशने जाड थर बसतो, त्यापेक्षा टूथपिकच्या टोकाने थेंब थेंब भरा. दोन-तीन पातळ थर द्या आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. जवळून पाहिलं तर कळेल, चार फुटांवरून कळणार नाही. आत पत्रा उघडा पडला असेल तर हे पावसाळ्याआधी उरका, गंज धरला की दार डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेच न्यावं लागेल.