वितळलेलं युरेनियम ठेवायचं कशात?

प्रश्न : वापरलेलं अणुइंधन रिसायकल करताना वितळवतात असं वाचलं, मग ज्या भांड्यात वितळवतात ते कसं टिकतं? स्टेनलेस स्टील गंजत नाही ना, मग तेच वापरायचं की सरळ!

उत्तर : काही ठिकाणी स्टीलच वापरतात, त्यामुळे तुमचं अगदीच चुकलेलं नाही. अमेरिकेत आयडाहोमध्ये ईबीआर-२ अणुभट्टीचं इंधन १९९६ पासून असं हाताळतायत, तिथे पहिल्या टप्प्यात लिथियम आणि पोटॅशियम क्लोराइडचं मीठ ५०० अंश सेल्सिअसला वितळवतात, त्यात इंधन बुडवतात आणि करंट सोडून युरेनियम वेगळं काढतात. ते भांडं स्टीलचंच. फक्त वर कोरडा आरगॉन वायू हवा, कारण हवेतली ओल किंवा ऑक्सिजन आत शिरला की तेच मीठ स्टीलमधलं क्रोमियम आधी ओढून घेतं, आणि गंजू न देणारा जो पातळ थर असतो ना, तो या मिठात टिकतच नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. निघालेल्या युरेनियमला मीठ चिकटलेलं असतं, ते उडवून युरेनियमचा गोळा करायचा तर ११३२ अंशांच्या वर जावं लागतं. स्टील तर १४०० च्या आसपास वितळतं, मग घाबरायचं कशाला असं वाटेल, पण लोखंड आणि युरेनियम एकत्र आले की ते मिश्रण साधारण ७२५ अंशांनाच पातळ होतं, म्हणजे मूस (वितळवायचं भांडं) तिच्यातल्या मालासकट खाली! ग्रॅफाइट उष्णतेला दाद देत नाही, पण युरेनियमशी त्याचं कार्बाइड बनतं. आणि सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्या सिलिकॉन ऑक्साइडचा, तर ऑक्सिजनच युरेनियम हिसकावून घेतं.

म्हणून आपल्या आज्या करायच्या तेच करतात, कल्हई! पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून आतून कथलाचा थर द्यायचे, तसं इथे ग्रॅफाइटच्या मुशीला आतून झिर्कोनियाचा (झिर्कोनियम ऑक्साइडचा) लेप देतात, कुठे यिट्रियाचा, म्हणजे यिट्रियम ऑक्साइडचा, कारण यिट्रियम आपला ऑक्सिजन सहजासहजी सोडत नाही. लेपाचंही दुखणं आहेच, गरम-थंड होताना तडकतो, थोडा मालाला चिकटून येतो, मग ती मळी खरवडून काढा, आणि तिच्यातही युरेनियम असतं म्हणून फेकता येत नाही. माझ्या मते भांड्याच्या किमतीपेक्षा ही मळीच जास्त डोकं खाते.

रशियात दिमित्रोव्हग्रादच्या पद्धतीत ऑक्साइड इंधनासाठी वितळलेल्या मिठात क्लोरीन वायूच सोडतात, त्यापुढे स्टील टिकत नाही, म्हणून तिथे मूस पायरोग्राफाइटची, म्हणजे दाट, घट्ट ग्रॅफाइटची.