जुना कॅनिस्टर घरी आणताना

या वेळचे बहुतेक प्रश्न वापरलेल्या कॅनिस्टर फिल्टरबद्दल, म्हणजे माशांच्या टाकीबाहेर ठेवून नळ्यांनी जोडायच्या बंद डब्याच्या फिल्टरबद्दल आहेत. नवा परवडत नाही आणि जुना घ्यायची भीती वाटते, अशी अनेकांची अडचण दिसते. माझं मत आधीच सांगते : जरूर घ्या. चांगला कॅनिस्टर वर्षानुवर्षं चालतो आणि त्याचे झिजणारे भाग बदलता येतात. मासे दगावतात ते बहुतेक वेळा फिल्टरच्या आत राहणाऱ्या जिवाणूंकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. म्हणून यंत्राइतकंच त्यांच्याबद्दलही लिहिलं आहे.

ताई, एक जण वापरलेला कॅनिस्टर विकतोय. माझी टाकी ३६ बाय १५ बाय १५ इंचांची आहे. बघायला गेल्यावर काय काय तपासू? (ठाणे)

फिल्टर तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा. ‘कालपर्यंत चालू होता’ एवढ्यावर पैसे देऊ नका. पाण्याने भरलेली बादली स्टुलावर ठेवायची, फिल्टर खाली जमिनीवर, दोन्ही नळ्या बादलीत आणि फिल्टरच्या बुडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद. पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. कागद ओला झाला तर पाणी कुठून येतंय ते बोट फिरवून शोधा. झाकणाच्या सांध्यातून येत असेल तर बहुधा रबरी रिंग गेलेली असते, ती बदलता येते. डब्याला किंवा नळ्या जोडायच्या व्हॉल्व्हच्या भागाला तडा असेल तर घेऊ नका. झाकण आवळणाऱ्या क्लिपा चारही बाजूंनी घट्ट बसतात का, तेही बघा.

मग प्लग काढून पंपाचं लहान झाकण उघडा आणि इंपेलर बाहेर काढा. हा एक छोटा चुंबक असतो, त्यावर पाती आणि मधून आरपार बारीक दांडा. बहुतेक ठिकाणी दांडा सिरॅमिकचा असतो. तो मोडलेला नाही ना आणि त्याच्या टोकाच्या रबरी टोप्या जागेवर आहेत ना, हे पाहा. चुंबक फुगलेला, तडकलेला किंवा गंजाचे डाग असलेला असेल तर इंपेलरची किंमत भावातून वजा करा. पण त्या मॉडेलचा इंपेलर आजही मिळतो का, हे व्यवहाराआधी दुकानात विचारून ठेवा. सुटा भाग मिळत नसेल, तर फिल्टर फुकट मिळाला तरी महागच पडतो.

तुमच्या टाकीत सुमारे १३० लिटर पाणी मावतं. तासाला त्याच्या चार-पाचपट, म्हणजे ५०० ते ६५० लिटर पाणी फिरलं की पुरे. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, त्यामुळे मीडिया (पाणी गाळणारे स्पंज, सिरॅमिक रिंग वगैरे) भरून स्वतः मोजा : लिटरचं भांडं भरायला ६ सेकंद लागले, तर तासाला ६०० लिटर.

आणि विकणाऱ्याला हे नक्की विचारा : आधीचे मासे का गेले? रोगाने गेले असतील तर जुना स्पंज आणि मीडिया टाकून द्या. डबा आणि नळ्या ब्लीचच्या पातळ पाण्याने धुवा, भरपूर पाण्यातून काढा, मग अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घातलेल्या पाण्यात बुडवून कडकडीत वाळवा. हे सगळं करताना हातमोजे घाला. हातावर जखम असेल तर माशांचे काही जंतू माणसाच्या त्वचेतही शिरतात.

फिल्टर आतल्या पाण्यासकट आणला. ‘बॅक्टेरिया तयार आहेत, थेट लावा’ असं विकणारा म्हणाला. दोन दिवस तो गॅलरीत तसाच होता. आता लावू का? (चिंचवड)

तसाच लावू नका. आधी मोकळ्या जागी झाकण उघडा आणि वास घ्या.

अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना सतत प्राणवायू लागतो. तो त्यांना वाहत्या पाण्यातून मिळतो. फिल्टर बंद झाला की डब्यात उरलेला प्राणवायू तिथला गाळ कुजवणारे दुसरे जंतू काही तासांत संपवतात. दोन दिवसांत आत सडकं पाणी तयार होतं, कधी कधी नासक्या अंड्यांसारखा वास येतो. असा फिल्टर टाकीला जोडून चालू केलात, तर पहिल्याच मिनिटात ते सगळं पाणी माशांच्या अंगावर जाईल.

पाणी मोरीत ओता. सिरॅमिक रिंग आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने धुवा, नळाखाली नको, कारण नळातल्या क्लोरीनने उरलेसुरले जिवाणूही मरतात. मग फिल्टर जोडा, पण टाकीवर आधीपासून चालू असलेला फिल्टर काढू नका. दोन्ही निदान महिनाभर बरोबर चालू द्या. त्या आधीच्या फिल्टरमधला स्पंजचा एखादा तुकडा आता आणलेल्याच्या ट्रेमध्ये ठेवला तर काम लवकर होतं. टाकीच नवी असेल तर चार ते सहा आठवडे धरून चला आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत मासे वाढवू नका. टेस्ट किटचे पैसे वाचवू नका. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ असतं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतात.

पुढच्या वेळी कुणाकडून चालता फिल्टर घ्याल, तेव्हा मीडिया काढून त्याच टाकीच्या थोड्या पाण्यासह उघड्या बादलीत आणा आणि घरी पोचताच लावा. तेव्हा मात्र ‘तयार बॅक्टेरिया’ खरोखरच मिळतात.

मेहुण्यांनी न्यू जर्सीहून त्यांचा फ्लुव्हल कंपनीचा कॅनिस्टर आणून दिलाय. पिन बदलून लावला तर चालेल? (नाशिक)

अजिबात लावू नका. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. थेट लावलात तर कॉइल जळेल, आणि ती बहुधा रेझिनमध्ये बंद असल्यामुळे दुरुस्तही होत नाही. फिल्टरच्या वॅटपेक्षा मोठ्या क्षमतेचा, तारेच्या वेटोळ्यांचा ११० व्होल्टचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रवासात वापरतात तो हलका कन्व्हर्टर मोटारीला चालत नाही. तरीही हर्ट्झ बदलत नाहीत : चुंबक आपल्या विजेवर सहाऐवजी पाचच्या हिशेबाने फिरणार, म्हणजे वेग साधारण १७ टक्के कमी. मोटार थोडी जास्त गरमही होते, म्हणून पहिले काही दिवस हात लावून बघत राहा. एवढं करायचं नसेल तर त्यातल्या सिरॅमिक रिंग वापरा आणि पंपाचा नाद सोडा. दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया किंवा इंग्लंडहून आणलेल्याला ही अडचण नाही. तिकडे आपल्यासारखीच वीज आहे, फक्त पिन वेगळी.

लावल्यापासून घरघर आवाज येतो आणि पाणीही कमी पडतं. (छत्रपती संभाजीनगर)

घरघर थांबून थांबून येत असेल तर आत हवा अडकली आहे. चालू असतानाच फिल्टर हळूच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलता करा. बुडबुडे परतीच्या नळीतून निघून जातील. डबा आधी काठोकाठ भरून मगच चालू करायची सवय ठेवा. तोंडाने नळी ओढू नका, आणि पाण्याशिवाय पंप एक मिनिटही चालवू नका.

आवाज सतत आणि खडखडीत असेल तर इंपेलर पाहा. बोअरचं पाणी असेल तर त्याच्या खोबणीत क्षारांचा पांढरा थर चढतो. लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून इंपेलर काही तास बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. खोबणीही त्याच पाण्याने आतून घासून स्वच्छ धुवा. ज्या फिल्टरला ब्लीच वापरलंय तो नीट धुतल्याशिवाय लिंबूसत्त्वाजवळ नेऊ नका, दोन्ही मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

झाकणाच्या रिंगला व्हॅसलिन लावलं तर चालेल ना? (रत्नागिरी)

नको. पेट्रोलियम जेलीने काही रबर फुगतात आणि सैल पडतात. सिलिकॉन ग्रीस आणा, बोटावर मुगाएवढं पुरतं. लावण्याआधी रिंग बोटाभोवती वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या किंवा रिंग एका बाजूने चपटी झाली असेल तर नवीच घाला.

आमच्याकडे लाइट तासन् तास जाते. मग कॅनिस्टर घ्यावा की नाही? (सोलापूर)

घ्या, पण टाकीत बॅटरीवरचा एअर पंप तयार ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने काही बिघडत नाही. वीज तीन-चार तासांहून जास्त गेली, तर ती आल्यावर लगेच चालू होऊ देऊ नका; प्लग काढूनच ठेवा. डबा उघडून आतलं पाणी टाकून द्या, मीडिया टाकीच्या पाण्यात खंगाळा, मग सुरू करा. मोठा खंड पडणार हे आधी कळलं, तर मीडियाचा ट्रे काढून थेट टाकीतच बुडवून ठेवा आणि तिथेच एअर पंपचा बुडबुडे सोडणारा दगड सोडा.

आणि फिल्टरची वायर बोर्डापर्यंत सरळ न्यायची नाही. ती बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल आणि सॉकेटपर्यंत पोचणार नाही.