दुखतात सांधे, पण टेप लावा पोटाला

ताई, सोरायसिसचा (त्या खवले धरणाऱ्या त्वचारोगाचा) सांधेवात निघाला म्हणून नुसती सुजलेली बोटं बघत बसू नका. मी सहा वर्षं तेच केलं. शिंप्याची टेप घ्या, बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घेर मोजा. (परकराची नाडी सोडून हं, मी आधी वरूनच मोजायचे!) आपल्याकडे बायकांना ८०, पुरुषांना ९० सेंटीमीटरपुढे मधुमेह-हृदयविकाराचा धोका धरतात. पोटातली चरबी गप्प बसत नाही. सांधे सुजवणारी काही रसायनं तीही सोडते. म्हणून उपाशीपोटी साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), बीपी तपासत राहा. वजन उतरलं की औषधंही जास्त लागू पडतात. मेथोट्रेक्सेट (या सांधेवाताचं एक औषध) चालू असेल तर यकृताची तपासणी चुकवू नका. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या मनानं? अजिबात नाही, साखर चढते.