खोटे बोलणारा माणूस ओळखायला शिकवणारी चांगली पुस्तके कोणती?

मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांचे १९८५ सालचे ‘टेलिंग लाइज’ हे इंग्रजी पुस्तक आधी वाचावे, मात्र तेवढ्यावर थांबू नये. त्यात एक प्रसंग आहे: मनोरुग्णालयातील एका स्त्रीने घरी जाता यावे म्हणून आपण बरे असल्याचे डॉक्टरांना सांगितले होते. पुढे तिने स्वतःच कबूल केले की तिला जीव द्यायचा होता. त्या मुलाखतीचे चित्रण संथ गतीने पाहिल्यावर, पुढचे बेत काय, या प्रश्नाला उत्तर देण्याआधी तिच्या चेहऱ्यावर क्षणभर तीव्र निराशा उमटून लगेच हास्याआड गेल्याचे दिसले. हा प्रसंग वाचताना मन हेलावते. परंतु असा हावभाव दर वेळी सापडत नाही, आणि सापडला तरी तो दडवलेली भावना दाखवतो, ती दडवण्याचे कारण नव्हे.

म्हणूनच आल्डर्ट व्राय यांचे ‘डिटेक्टिंग लाइज अँड डिसीट’ मला अधिक मोलाचे वाटते. नजर चुकवणारा तो खोटा, हा आपल्याकडचाही पक्का समज संशोधनात टिकत नाही, हे ते पुराव्यानिशी दाखवतात. बाँड आणि डीपाउलो या संशोधकांनी २००६ साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्याचे सरासरी प्रमाण जेमतेम ५४ टक्के भरले. व्राय यांचा भर प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर आहे: घडलेली हकीकत शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावली, तर रचलेली गोष्ट सांभाळणे बोलणाऱ्याला जड जाते.

त्यानंतर टिमोथी लेव्हिन यांचे ‘ड्यूप्ड’ घ्यावे. माणूस समोरच्यावर सहज विश्वास का ठेवतो, हे त्यात समजते.